जर्मन, जपानी की चिनी? सोलापुरातून एकच जमणार आहे

ताणाबाणा:

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचे आठ माग आहेत, जॉबवर टॉवेल विणतो. सूत पार्टीचं, माग आणि लाईटबिल आमचं. घरी तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड, गाडीवाल्यांशी हिंदी. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलायला उभं केलं की घाम फुटतो.

मला बाहेरच्या देशांशी संबंध येईल असं काम करायचंय. तिकडं जाऊन राहायला मिळालं तर छानच, नाही मिळालं तरी चालेल. त्यासाठी एक परदेशी भाषा शिकायची असं ठरवलंय. आईच्या भिशीचे ५० हजार मिळणार आहेत, ते एकदाच मिळणार आहेत. म्हणून विचारतेय.

पुण्यातला मामा आयटीत आहे, तो म्हणतो डोळे झाकून जपानी घे. माझी मैत्रीण जीएनएम (नर्सिंग) झाली, ती जर्मन करायलीय, म्हणते आमची अख्खी बॅच जर्मनीला चाललीय. सात रस्त्याजवळ एका क्लासचा बोर्ड आहे, ‘तीन महिन्यांत जर्मन, शंभर टक्के नोकरी’, फी ४५ हजार. चौकशी करून आले, तर ॲडव्हान्स आजच भरा म्हणून मागे लागले.

आणि माझ्या स्वतःच्या मनात (हसू नका) चिनी आहे. कॉलेजला जाताना भैय्या चौकातून जाते, तिथं डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरचा माणूस तिकडं जाऊन चिनी बोलायला लागला, हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. वडील म्हणतात, स्मारक बघून भाषा निवडतात का?

कोणत्या भाषेला जास्त स्कोप आहे?


हुतात्मावाला:

जपानी. मामा बरोबर सांगतोय.

मी मूळचा पंढरपूरचा, पुण्यात अकरा वर्षं जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे. आपल्या लोकांना जपानी अवघड जाते हा गैरसमज आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषासंस्था आहे, तिच्या हिशेबात जपानीला २,२०० तास लागतात, फ्रेंच-स्पॅनिशच्या जवळजवळ तिप्पट. पण तो हिशेब इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचंही येतं. आपण नामाच्या मागे प्रत्यय लावतो, तेही लावतात. ‘सोरापूरु कारा पुने मादे’ म्हणजे ‘सोलापूरपासून पुण्यापर्यंत’. कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत. (त्यांच्याकडे ल नाही, त्यामुळे गावाचं सोरापूरु होतं. मी अकरा वर्षं हेच ऐकतोय.)

रडवते ती लिपी. हिरागाना आणि काताकाना या दोन सोप्या अक्षरमाला महिन्याभरात होतात. त्यानंतर कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेली चित्राक्षरं. रोजच्या वापरासाठी सरकारनं ठरवलेल्या यादीत २,१३६ आहेत.

परीक्षा जेएलपीटी, एन-५ (सगळ्यात सोपी) पासून एन-१ (सगळ्यात अवघड) पर्यंत, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्यात केंद्र आहे. एक गोष्ट क्लासवाले सांगत नाहीत: या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नाही. शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच. त्यामुळे एन-३ खिशात घेऊन फिरणारे पण ‘पाणी कुठं आहे’ विचारताना अडखळणारे मी भरपूर पाहिलेत. मुलाखतीत ते पाच मिनिटांत उघडे पडतात.


ताणाबाणा:

कारा आणि मादे म्हणजे आमच्या तेलुगूतलं ‘नुंडी’ आणि ‘वरकू’! सोलापूर नुंडी पुणे वरकू. हे वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मग ही तर आपलीच भाषा.


शेंगाचटणी:

हल्ली मोबाईल सगळं भाषांतर करतो. ५० हजार एफडीत टाका आणि इंग्रजी सुधारा. मी दुबईत आठ वर्षं काढली, अरबीचे चार शब्द येतात, त्यातले दोन शिव्या. साईटवर हिंदी, ऑफिसात इंग्रजी आणि कँटीनमध्ये मल्याळम, याच्यावर कधी अडलं नाही.


पॅकिंगलिस्ट:

वर एकानं जपानी सांगितली, एकानं एफडी सांगितली. पण पोरी, तू काम काय करणार हे कुणी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. ‘बाहेरच्या देशांशी संबंध’ हे काही काम नव्हे. संबंध तर आमच्या फर्मच्या वॉचमनचाही येतो, कंटेनरचं सील तोच बघतो.

मी १९९६ साली टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका फर्मला टायपिस्ट म्हणून लागले. घरी कन्नड, माहेर अक्कलकोटकडचं. आज डॉक्युमेंटेशन माझ्याकडं आहे. जर्मन शिकायची हौस मला कधीच नव्हती. झालं असं, की १९९९ मध्ये जर्मनीच्या एका पार्टीचा फॅक्स आला. बारा हजार हांटटूख, म्हणजे पन्नास बाय शंभरचा साधा टॉवेल. सगळा फॅक्स इंग्रजीत, खाली हातानं दोन शब्द जर्मनमध्ये: ‘मिट आउफहेंगर’. तो फॅक्स पुढं टाईप करून प्रॉडक्शनला मीच दिला. ते दोन शब्द शुभेच्छा असतील असं समजून सोडून दिले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं ‘आपला विश्वासू’सारखं काहीतरी असेल.

आउफहेंगर म्हणजे अडकवायचा बंद. खुंटीला टॉवेल अडकवायला कडेला शिवतात ना, ती छोटी पट्टी. जर्मन माणूस टॉवेल दोरीवर टाकत नाही, हुकाला अडकवतो. आपला माल बंदाशिवाय गेला, त्यांनी तिकडं शिवून घेतले आणि तिकडच्या मजुरीनं डेबिट नोट, म्हणजे आमच्याकडून वसुलीची चिठ्ठी, पाठवली. त्या ऑर्डरचा नफा त्या पट्ट्यांत गेला. मालक मला एवढंच म्हणाले, “बाई, टाईप करताना डोळे होते की नव्हते?” घरी येऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतून जुना जर्मन-इंग्रजी शब्दकोश आणला. माझी जर्मन अशी सुरू झाली, कुठल्या स्कोपवरून नव्हे. पहिली दहा वर्षं मला जर्मन बोलता येत नव्हती, फक्त टॉवेल येत होता. गेस्टेटूख तीस बाय पन्नास, डूशटूख सत्तर बाय एकशे चाळीस. आणि त्यांचा आकडा! १.२५० लिहिलं तर ते साडेबाराशे, आणि १२,५० म्हणजे साडेबारा. टिंबाच्या जागी स्वल्पविराम, स्वल्पविरामाच्या जागी टिंब. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात मी अजून जर्मन रेटशीट देत नाही.

नंतर मुलगी बारावीला गेली आणि माझे रविवार मोकळे झाले, तेव्हा पुण्याला रीतसर शिकायला लागले. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळी हुतात्मानंच परत. परतीच्या गाडीत कुर्डूवाडी येईपर्यंत पाठांतर, तिथून पुढं झोप. लोक बघायचे, बाई एकटी पुटपुटतेय. २०१४ मध्ये बी-१ ला बसले, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली तिसरी. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. तीन निघाले, ऐकण्यात आपटले. जर्मन माणूस क्रियापद अर्धं मध्ये ठेवतो आणि अर्धं वाक्याच्या शेवटी टाकतो, तोवर मी पहिलं विसरलेले. आपटलेला भागच तेवढा परत देता येतो, तो दिला.

आता तुझ्या मुद्द्यावर येते.

मालकांबरोबर मी फ्रांकफुर्टच्या हाइमटेक्स्टील मेळ्याला गेले. तो दर जानेवारीत असतो, नेमका आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास. आयुष्यात पहिल्यांदा अक्षता सोहळा चुकला, नंदीध्वज फोनवर बघितले. तिथं मी जर्मन पाजळायला बसले, आणि काय? टेबलाच्या पलीकडचा प्रत्येक खरेदी मॅनेजर फाडफाड इंग्रजी बोलत होता. मी ‘गुटन टाग’ म्हटलं की तो हसून इंग्रजीत सुरू. तीन दिवस माझी जर्मन पिशवीत राहिली.

ती कामाला आली चौथ्या दिवशी, पार्टीच्या गोदामात. तिथला सुपरवायझर साठीचा, इंग्रजी शून्य. त्याच्या हाताखालून आमचा माल वीस वर्षं जात होता आणि आमच्यापैकी कुणी त्याच्याशी कधी बोललं नव्हतं. मी मोडकंतोडकं बोलले. त्यानं कॉफी पाजली आणि आमच्या कार्टनला कुठला कोपरा आधी फाटतो ते हात धरून दाखवलं. त्यानंतर तो मला फोन करायला लागला. एका पावसाळ्यात फोन आला, “फ्राउ, फॉइख्ट!” फॉइख्ट म्हणजे ओलसर. कंटेनरमधली खालची रांग दमट निघाली होती, बुरशी अजून धरायची होती. त्यानं माल पसरून वाळवला, आम्ही पुढच्या दोन कंटेनरांचं पॅकिंग त्याच आठवड्यात बदललं. इंग्रजी मेल यायची वाट बघितली असती तर मेलबरोबर डेबिट नोटच आली असती. माझी सगळी फी आणि हुतात्माची सगळी तिकिटं त्या एका फोनमध्ये फिटली.

म्हणून सांगते, माणूस खुर्चीत जितका वर, तितकी इंग्रजी चालते. काम जितकं हातातलं, तितकी तिथली भाषा लागते. गोदाम, दवाखाना, गॅरेज, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, पोरांची शाळा, सरकारी कचेरी. तुझ्या मैत्रिणीला जर्मन लागणारच, तिच्यापुढं आजीबाई झोपलेली असणार आहे. तू एक्स्पोर्टच्या टेबलावर बसणार असशील तर तुझं इनव्हॉइस इंग्रजीत, बिल ऑफ लेडिंग (जहाजाची मालपावती) इंग्रजीत, एलसी (पैशाच्या हमीचं बँकेचं पत्र) इंग्रजीत. कागद एलसीशी जुळला नाही तर बँक डिस्क्रेपन्सी (तफावत) लावून तो परत करू शकते. तुझा घाम तिथं आधी पुसावा लागेल. एफडीवाल्या भाऊंचं एवढं मला पटतं.

आपल्या जिल्ह्यातलं डाळिंब हॉलंडला जातं. त्यासाठी कुणी डच शिकायला लागलं तर मी त्याला थांबवीन. हॉलंडचा व्यापारी तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बरी इंग्रजी बोलतो.


शेंगाचटणी:

अक्का, अर्धं पटलं तर अर्ध्यावर तरी बोला. मोबाईलचं काय?


पॅकिंगलिस्ट:

मोबाईल मीही वापरते, भाऊ. लांबलचक पत्र आलं की आधी त्यालाच देते, वेळ वाचतो. पण आमच्या नव्या पोरानं एकदा जर्मन स्पेसिफिकेशन मोबाईलला घातलं आणि मला विचारायला आला, “मॅडम, सेंटिमीटरला अठरा गोळ्या म्हणजे?” कुठल्या गोळ्या, म्हटलं. तर बंदुकीच्या.

जर्मनमध्ये बाण्याला (आडव्या धाग्याला) ‘शुस’ म्हणतात, आणि बंदुकीच्या बारालाही ‘शुस’च म्हणतात. ताण्याला (उभ्या धाग्याला) ‘केटे’ म्हणतात, आणि गळ्यातल्या साखळीलाही ‘केटे’. मोबाईलला काय ठाऊक आम्ही टॉवेल विणतो की दरोडे घालतो? ते पोरगं हुशार, निदान विचारायला तरी आलं. न विचारता पुढं पाठवणारंही निघालं असतं.

आणि ताणाबाणा, तुझं नाव जर्मनमध्ये ‘केटे उंट शुस’. ते लोक मागाला ‘वेबश्टूल’ म्हणतात, म्हणजे विणायची खुर्ची. आपण माग, आमच्या कन्नडमध्ये मग्ग, तुमच्यात मग्गम. मला हे नाद लागलेत, कामाचे नाहीत, सोडून दे.


रात्रपाळी:

नाईट संपवून आले आणि हा धागा दिसला. मी बार्शीची, दक्षिण जर्मनीत नर्स आहे, तिसरं वर्ष. मैत्रिणीसाठी लिहिते.

बी-२ घेऊन आले तेव्हा वाटलं जर्मन येते. पहिल्या सकाळी आजोबा म्हणाले ‘ग्र्यूस गोट’, मला वाटलं काहीतरी दुखतंय. तो त्यांचा रामराम. क्लासात शिकवतात ती रेडिओवरची जर्मन, आणि पेशंट बोलतो गावची, तीही कवळी काढून ठेवलेली असताना. सगळ्यात भीती वाटायची ती शिफ्ट बदलतानाच्या हँडओव्हरची. वीस पेशंट, दहा मिनिटं, सगळी माहिती संक्षेपात. मी घरी येऊन रडायचे.

दुसरं, आपली डिग्री तिथं आपोआप चालत नाही. मान्यतेची प्रक्रिया असते, तिला ‘अनएर्केनुंग’ म्हणतात. एक तर ज्ञानपरीक्षा द्यायची, नाहीतर ॲडॅप्टेशन कोर्स करायचा. ते होईपर्यंत तुम्ही सहायक म्हणून राबता आणि पगारही तसाच. मी ज्या एजंटकडून आले त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं, वर मूळ सर्टिफिकेटं स्वतःकडं ठेवून घ्यायला बघत होता. कुणालाही मूळ कागद द्यायचे नाहीत, हे मैत्रिणीला माझ्या वतीनं दोनदा सांग.

एवढं असूनही परत विचारलं तर मी येईन. पगारासाठी आले होते. आता एक आजी माझ्याच हातून औषध घेते, दुसऱ्या कुणाकडून नाही.


ताणाबाणा:

सगळ्यांचे आभार. ताई, मैत्रिणीला तुमचा प्रतिसाद वाचायला दिलाय, ती गप्प झालीय.

अक्का (अक्का म्हटलं तर चालेल ना?), मी वडिलांना विचारलं की आपण विणलेला टॉवेल शेवटी कुठं जातो. त्यांना माहीत नव्हतं. पार्टी नेते, पुढं काय ते पार्टी जाणे. तीस वर्षं विणतायत. ते ऐकून मला कसंतरीच झालं. म्हणजे मला काम तेच पाहिजे, बहुतेक. मागापासून पुढचं. मग सात रस्त्याचा क्लास लावू का? आणि चिनी सोडूनच देऊ का?


पॅकिंगलिस्ट:

अक्काच म्हण, घरीदारी सगळे तेच म्हणतात.

क्लासचं आधी. तीन महिन्यांत जर्मन येते, पण ‘माझं नाव अमुक, मी सोलापूरला राहते, मला दोन भाऊ आहेत’ एवढी. ती ए-१. जर्मनीनं जून २०२४ पासून नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी संधी कार्ड काढलंय, त्यात ए-१ जर्मन नाहीतर बी-२ इंग्रजी, यातलं एक असलं तरी अर्ज करता येतो, वर पदवी-अनुभवाचे गुण मोजतात. तो कागद दाखवून हे लोक ‘ए-१ वर जर्मनी’ असा बोर्ड लावतात. अर्ज करता येणं आणि कुणी कामावर ठेवणं यात केवढं अंतर आहे ते रात्रपाळीला विचार. शंभर टक्के नोकरी तर लग्न जुळवणारेसुद्धा बोलत नाहीत.

त्यांना एकच विचार, शेवटी कुणाची परीक्षा? गोएथे, टेल्क, ओएसडी असं नाव घेतलं तर पुढं बोल. ‘आमचं स्वतःचं सर्टिफिकेट’ म्हणाले तर उठून ये. त्या कागदावर शेंगा बांधता येतात, व्हिसा नाही.

पुण्याला जायचं तर मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. फी आणि तारखा तिथूनच विचार, माझ्या वेळचे आकडे आता चालायचे नाहीत. ऑनलाइन बॅचही असतात, तुला हुतात्मा धरायची गरज नाही. पण एकदा तरी धर, परीक्षेला.

मी तुझ्या जागी असते तर पहिले सहा महिने पैसेच खर्च केले नसते. इंग्रजी बोलायची सवय लावली असती, आणि एखाद्या एक्स्पोर्ट हाऊसमध्ये पगार बघायच्या आधी फायली बघितल्या असत्या. कोणत्या देशाची पत्रं येतात, तिकडून फोनवर कोण बोलतं, कुठली भाषा आली की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. ती भाषा तुझी. आमच्याकडं ती जर्मन निघाली. दुसऱ्या एका युनिटमध्ये ती स्पॅनिश आहे, चिलीची पार्टी आहे, आणि तिथला पोरगा वर्षभरात कामापुरती बोलायला लागला. स्पॅनिश जशी लिहितात तशीच वाचतात, आपल्यासारखी. फ्रेंचमध्ये अर्धी अक्षरं लिहायची आणि गिळायची. कॅनडाला जायचं असेल तर फ्रेंचला वजन आहे, २०२३ पासून ते फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड करतात, पण तुझ्या बोलण्यात कॅनडा कुठं आला नाही.

तू जर्मनच घेतलीस तर तुझ्या पदरात दोन गोष्टी आधीच आहेत. ‘झेड’चा उच्चार सगळ्या क्लासला जमत नाही, तुला जमेल. ‘चहा’तला च नाही, ‘चोरा’तला च. तुमच्या तेलुगूतही तो आहे. आणि देर, दी, दास म्हणजे आपले तो, ती, ते. इंग्रजी माध्यमाची पोरं त्याला वैतागतात, की टेबलाला कसलं लिंग? मराठी माणूस विचारत नाही, त्याला खुर्ची ती आणि टेबल ते हे जन्मापासून ठाऊक. फक्त त्यांचं आणि आपलं जुळत नाही. त्यांच्यात मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी, दास मेटशन. आकड्याचंही तसंच. पंचवीसला ते ‘पाच आणि वीस’ म्हणतात, आपल्यासारखे. हुतात्मावाल्यांना वाटतं जपानीच आपल्या जवळची आहे, तसं काही नाही.

जपानी टॉवेलवाल्यांबद्दल मात्र माझ्या मनात धाक आहे. इमाबारी म्हणून त्यांचं टॉवेलचं गाव आहे, आपल्यासारखंच. तिथं टॉवेलचा तुकडा पाण्यावर सोडतात आणि पाच सेकंदांत बुडाला तरच पास. आपला नवाकोरा सॉफ्टनर मारलेला टॉवेल घे आणि बादलीत सोडून बघ. तरंगत बसतो, नागपंचमीच्या लाह्यांसारखा.


हुतात्मावाला:

अक्का, जवळची म्हणालो होतो, एकुलती एक म्हणालो नव्हतो. बाकी कबूल. मी जपानी निवडली नाही, कंपनीनं त्या टीमवर टाकलं म्हणून शिकलो. अकरा वर्षं लोकांना सांगतोय की दूरदृष्टी होती.


ताणाबाणा:

आताच बादलीत टाकून पाहिला. तरंगतोय. वडील विचारतायत हे काय चाललंय.

अक्का, चिनीचं राहिलं.


पॅकिंगलिस्ट:

मुद्दाम ठेवलं होतं, घाईत लिहायचं नव्हतं.

चिनी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या एमआयडीसीत जे नवे रेपियर माग येतात त्यातले कितीतरी चिनी आहेत. रात्री दोन वाजता पडद्यावर चिनी अक्षरांत एरर येतो आणि माग बंद. मग फोटो काढून डीलरला पाठवा, तो सुरतेला पाठवणार, सुरतेचा तिकडं पाठवणार. २०२० मध्ये वीचॅट हे चिनी ॲप आपल्याकडं बंद झाल्यापासून थेट बोलायचीही पंचाईत. तो एरर जागेवर वाचणारा माणूस सोलापुरात असता तर त्याला लोकांनी गाडी पाठवून बोलावलं असतं. पण हे मेकॅनिकचं काम, त्याला माग उघडता यायला पाहिजे. तुला येतो का? आठ मागांच्या घरची आहेस, येतही असेल. तसं असेल तर माझं वरचं सगळं पुसून टाक आणि चिनी घे, खरंच सांगते.

कोटणीसांचं म्हणशील, तर ते १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले तेव्हा चिनी शिकून गेले नव्हते. गेले जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, आणि भाषा तिथं शिकले. जखमी माणूस चिनीतच कण्हणार, त्याला काय इंग्रजीत विचारणार? १९४२ मध्ये तिथंच वारले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. चारच वर्षं मिळाली. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं, भारत आणि चीन दोन्ही त्या एका नावात. तुझ्या वडिलांना सांग, स्मारक बघून भाषा निवडू नये हे त्यांचं बरोबर आहे. पण स्मारक बघून पोरीला भाषेचं वेड लागलं असेल तर त्यांनी रागावू नये.

शनिवारी दुपारी आमच्याकडं ये, पत्ता खाजगी निरोपात कळवते. चार देशांच्या फायली काढून ठेवते, तुझी तूच वाच. वडिलांनाही आण, कोण जाणे त्यांनीच विणलेला एखादा टॉवेल त्यात निघायचा.


ताणाबाणा:

येतो अक्का, दोघंही. वडील सकाळपासून शर्ट कुठला घालायचा विचारतायत आणि आज अजून बुधवार आहे. येताना काय आणू? आईनं शेंगाची चटणी केलीय.


पॅकिंगलिस्ट:

चटणी नको, घरात दीड किलो पडलीय. त्या सात रस्त्याच्या क्लासनं दिलेला माहितीचा कागद आण, बसून वाचू. आणि ॲडव्हान्स भरला नाहीस ना?


ताणाबाणा:

दोन हजार भरलेत.


पॅकिंगलिस्ट:

पावतीही आण.